रिकाम्या पोटांचा रकाना

नेक्सोच्या बंदरात, जुन्या बर्फाच्या खोलीत
एल्ना कोफोड एकतीस वर्षं
कॉडची पोटं उघडते आहे.
कात्री घशाकडून आत, एक वळण,
आणि पिशवी उलटी.

पांढऱ्या ट्रेवर पडतं त्याला ती नाव देते:
स्प्रॅट, तीन. हेरिंगचा मणका.
तळातला किडा, सगळ्या पायांसकट.
आणि पुष्कळदा
‘ओळख पटली नाही’,
म्हणजे करडा लगदा,
ज्याचं वजन मात्र चोख लिहावं लागतं.

ते आकडे माझ्याकडे येतात, कोपनहेगनला,
दुसऱ्या मजल्यावर, जिथून समुद्र दिसत नाही.
माझ्या तक्त्यात कॉड म्हणजे एक रांग:
कोण कुणाला खातं, शंभरातले किती भाग.
एल्नाचा लगदा इथे शून्य पूर्णांक सतरा होतो
आणि त्याला वास येत नाही.

मोठा मासा लहान माशाला खातो,
एवढंच असतं तर सरळ बाण काढून
मी चारला घरी गेले असते.
पण बोर्नहोमजवळच्या खोल पाण्यात
कॉडची अंडी तरंगतात,
आणि तोच बोटभर स्प्रॅट
ती वेचून खातो.
कॉड विरळ झाला तसा स्प्रॅट माजला,
माजला तशी अंडी घटली,
घटली तसा कॉड आणखी विरळ.
पडद्यावर माझा बाण वळला
आणि आपल्याच शेपटीत घुसला.

एका रात्री मी कॉड शून्य केला.
नुसतं बघायला.
वाटलं होतं सगळं कोसळेल.
नाही कोसळलं.
स्प्रॅट वाढला, मग उपाशी राहून बारीक झाला,
पाणी जरा हिरवट झालं,
आणि चाळिसाव्या वर्षाच्या आसपास
ताळा जुळला.
कॉडवाचून समुद्राने
आपला हिशोब बसवून घेतला होता.
मी दिवा तसाच ठेवून बाहेर येऊन बसले.

मार्चमध्ये लिलावघराच्या सभागृहात
तक्ता भिंतीवर लावला. सतरा माणसं, कॉफी.
आयनार इप्सेन पहिल्या रांगेत;
त्याची बोट सरकारने पैसे देऊन तोडली,
चाकाचा दांडा तेवढा त्याने घरी नेला.
त्याने विचारलं, “ह्यात मी कुठे?”
मी सगळ्यात वरची रांग दाखवली: ताफा.
“आणि मला कोण खातं?”
त्या रकान्यात काहीच नव्हतं.
तो बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला,
मग म्हणाला, “बरं,”
आणि कॉफी तशीच ठेवून गेला.

गेल्या आठवड्यात एल्नाचा फोन.
ह्या हिवाळ्यात दोनशे मासे.
डोकी मोठी, मागे अंग चपटं,
जसं कुणाचा तरी कोट अंगावर लोंबावा.
“एकशे एकेचाळीस पोटं रिकामी.
तू ती वगळतेस ना?”
हो, मी म्हटलं. रिकाम्याचे शंभरातले भाग
काढता येत नाहीत. शून्याने भागायचं कसं?
पलीकडे नळाचा आवाज,
ती हात धूत असावी.
“मी उघडली आहेत,” ती म्हणाली.
“एकेक. आत काही नाही हे बघायलाही
कात्री घालावीच लागते.”

मी नवा रकाना केला.
सूत्रात तो कुठे जोडायचा, कळलेलं नाही;
बेरजेबाहेर, काठावर
हातचा लिहितात तसा
एकशे एकेचाळीस लिहून ठेवला आहे.

तिकडे आज एकशे बेचाळिसावा निघाला.
एका पोटात मात्र कॉडचं पिल्लू होतं,
अर्धवट विरघळलेलं, पण ओळख पटणारं.